दुसऱ्यासाठी मागायचे दिवस

फेब्रुवारी सरत आला की ठाण्याची हवा दिवसातून दोनदा बदलते. सकाळी कामाला निघताना ओढणी कानावरून घ्यावीशी वाटते आणि अकराच्या चहाला तीच ओढणी घाम पुसायला लागते. आमच्या कारखान्याच्या फाटकाजवळ एक आंबा आहे. त्याला मोहोर येतो, पण वागळे इस्टेटमध्ये मोहोराचा वास एकटा म्हणून कधी येत नाही. रबर, रंग, वेल्डिंग, बाजूच्या टपरीवरचा वडा, सगळ्यांना घेऊन येतो. मी इथेच वाढले, त्यामुळे मला तोच खरा वास वाटतो. नगरकडे सासरच्या गावी गेले आणि नुसता मोहोर नाकात शिरला, की काहीतरी घालायचं राहून गेलंय असं वाटतं.

आणि याच दिवसांत परीक्षा. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर रांग. जिन्यात पुस्तक मांडीवर ठेवून मोबाइलवर क्रिकेट बघणारी पोरं. चौथ्या मजल्यावरून तळमजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात प्रमेय पाठ करून घेणारी एखादी आई. मला शाळा सोडून पंचवीस वर्षं होऊन गेली, पण मार्च जवळ आला की मीही पहाटे दचकून उठते. कशाचा पेपर आहे तेवढं आठवत नाही.

परवा संध्याकाळी भाजी फोडणीला टाकली आणि फोन वाजला. "जय ख्रिस्त टीचर. मी रूथ." रूथ माझ्या संडे स्कूलमधली जुनी मुलगी. तेव्हा आमच्या मागच्या गल्लीत राहायची, आता डोंबिवलीला असते, यंदा दहावीला आहे. आवाज असा मोठ्या बाईसारखा झालाय की मला आधी बँकेतूनच फोन आलाय असं वाटलं.

"टीचर, हॉल तिकीट आलं. माझ्यासाठी देवाकडे मागा हां."

"मागते की. तू पण माग."

"तीच तर पंचाईत आहे. तुम्ही आम्हाला स्वतःसाठी मागायला शिकवलंच नाही. मी सुरुवात करते, देवा, माझं गणित... आणि मध्येच दुसऱ्याच कोणाचं तरी नाव येतं. काल क्लासच्या सरांच्या सर्दीसाठी मागितलं आणि उठले."

मी हसत सुटले. तोवर भाजी लागली. सतीशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, येऊन गॅस बंद केला आणि कोण म्हणून भुवया उडवल्या. "रूथ," मी म्हटलं, तर त्याचाही चेहरा उजळला. आमच्या घरात या मुलीचं नाव निघालं की असंच होतं. का, ते सांगायचं तर सात वर्षं मागे जावं लागेल, अशाच एका फेब्रुवारीत.

आमचं चर्च म्हणजे काही टोलेजंग प्रकरण नाही. दोन कारखान्यांच्या मध्ये पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण, अंगणात एक चाफा. आठवडाभर दोन्हीकडची मशीनं धडधडत असतात. रविवारी ती गप्प होतात आणि मग आम्ही सुरू होतो. मोठ्यांची उपासना आत, मुलांचा वर्ग बाहेर सतरंजीवर. तो वर्ग माझा. सहा ते अकरा वर्षांची पंधरा-सोळा मुलं. इतर दिवशी मी कारखान्यात रबरी वॉशर तपासते, खोट असलेला बाजूला काढते. रविवारी तू पोरांची खोट काढतेस, असं सतीश म्हणतो. म्हणू दे बापडा.

त्या वर्षी एका रविवारी मी एकेकाला उठवून प्रार्थना करायला सांगितलं, तर काय ऐकायला मिळावं? देवा, मला गिअरवाली सायकल दे. देवा, मला वर्गात पहिला नंबर दे. देवा, मला वेगळी खोली दे. एकाने बूट मागितले आणि मापही सांगितलं, उगाच चुकीचे यायला नकोत म्हणून. माझं डोकंच फिरलं. मी तिथल्या तिथे नियम काढला. आजपासून या सतरंजीवर कोणी स्वतःसाठी मागायचं नाही. तुमच्यासाठी मागायला तुमची आई आहे, आजी आहे, आत पाळकसाहेब आहेत. तुम्ही दुसऱ्यासाठी मागायचं. पोरांची तोंडं एवढीएवढी झाली. जोएल म्हणून एक नऊ वर्षांचा वकील आमच्यात होता, त्याने हात वर केला. "टीचर, परीक्षेत तरी?" मी म्हटलं, "परीक्षेत तर अजिबातच नाही."

पुढचे दोन रविवार मी काय खूश होते म्हणून सांगू. पोरं एकमेकांसाठी इतकं मनापासून मागत होती की चाफ्याखाली उभी राहून मी डोळे पुसले. एकाच्या विज्ञानासाठी दुसरा, दुसऱ्याच्या इंग्रजीसाठी तिसरा. तिसऱ्या रविवारी सतरंजीवर भांडण जुंपलं. जोएल आणि एस्तेर. "टीचर, मी हिच्या हिंदीसाठी रोज मागितलं, सकाळ-संध्याकाळ. हिने माझ्या गणितासाठी दिवसाआड मागितलं." एस्तेरने शांतपणे उत्तर दिलं, "तुझा गणिताचा धडा छोटा होता." मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. अख्ख्या वर्गाने आपसात जोड्या लावल्या होत्या. तू माझ्यासाठी माग, मी तुझ्यासाठी मागतो, कमी-जास्त चालणार नाही. माझा नियम कोणीही मोडला नव्हता, तेच तर वाईट होतं. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, "बाई, आत मोठ्यांचं काय वेगळं चाललंय?"

मग मी नियमाला शेपूट जोडलं. असा माणूस शोधायचा, जो तुमच्यासाठी उलटून मागणार नाही. त्याच्याकडे जायचं आणि विचारायचं, तुमच्यासाठी काय मागू? तो जे सांगेल ते ऐकून घ्यायचं आणि ईस्टरपर्यंत रोज मागायचं. त्याला चर्चमध्ये बोलवायला जायचं नाही, काही पटवायला जायचं नाही. नुसतं विचारायला जायचं, आणि घरी सांगून जायचं.

तो लेंतचा काळ होता, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत मोठी माणसं मटण सोडतात, कोणी चहा सोडतं. पोरांनी लाज सोडली. इस्त्रीवाले भय्या, शाळेच्या व्हॅनमधल्या मावशी, वॉचमन, पाण्याचा टँकर आणणारे मामा, कोणालाच म्हणून सोडलं नाही. आणि एक गोष्ट मला पोरांकडूनच कळली. मोठ्या माणसांना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलेलाच नसतो. इस्त्रीवाले भय्या इस्त्री हातात धरून असे विचारात पडले की समोरच्या पोरीला सांगावं लागलं, भय्या, शर्ट जळेल. मग ते म्हणाले, गावी माझी मुलगी बारावीला आहे, तिच्यासाठी माग. इतकी वर्षं आमचे कपडे त्यांच्याकडे जात होते. त्यांना मुलगी आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमच्या समोरच्या दारातले राणेकाका मालवणकडचे, घरात दीड दिवसाचा गणपती, देवावर गाढ श्रद्धा. जोएल त्यांच्याकडे गेला. काकांनी त्याला लाडू दिला आणि म्हणाले, "माझ्या गुडघ्यासाठी माग. मी माझ्याकडे मागतोच, तू तुझ्याकडे माग. दोन्हीकडून जोर लागला तर सरकेल काहीतरी." पुढे रोज जिन्यात जोएल दिसला की ते विचारायचे, "काय रे, सांगितलंस का आज?" आणि एखाद्या दिवशी जोएल विसरलेला असला की त्याचा चेहरा बघून म्हणायचे, "असूंदे, उद्या दोनदा सांग." गुडघा काही फारसा सरकला नाही. पण काकूंशिवाय कोणाशी न बोलणारा हा माणूस त्या महिन्यात जिन्यात खुर्ची टाकून बसायला लागला.

घोळही झाले. दर रविवारी उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना असते, म्हणजे आजाऱ्यांसाठी, दुःखितांसाठी, सगळ्यांसाठी मागणं. त्या लेंतमध्ये पाळकसाहेबांनी ती मुलांना दिली. पहिल्याच रविवारी एक चिमुरडी माईकवर चढली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, आमच्या आत्याचं लग्न जमू दे, आणि आजी म्हणते तसे तिचे नखरे कमी कर." आत्या गायकगटात पहिल्या रांगेत उभी. पुढचं गीत तिने काय सुरात म्हटलं ते देवालाच माहीत. त्या दुपारी मी नियमाला दुसरं शेपूट लावलं. विश्वासाने सांगितलेली गोष्ट देवाला सांगायची, माईकला नाही.

आता माझं सांगते. दुसऱ्यांना मागायला शिकवणारी ही बाई त्या वर्षी स्वतः एकच गोष्ट मागत होती, आणि ती सतीशशिवाय कोणाला माहीत नव्हती. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, रडून झालं. म्हणून त्याच्या दोन वर्षं आधीच आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं, ऑनलाइन नोंदणी केली. एक समाजसेविका ताई घरी येऊन चौकशी करून गेल्या. सासूबाई तेव्हा नगरला लग्नाला गेलेल्या, आणि आम्ही मुद्दामच ती तारीख घेतलेली. त्यानंतर नुसती यादी आणि यादीतला आमचा नंबर. मी रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाजवळ आंब्याखाली थांबून मोबाइलवर तो नंबर बघायचे. कधी चार नंबर पुढे सरकायचा, कधी पंधरा-पंधरा दिवस जागचा हलायचा नाही. मग आत जाऊन मी वॉशर तपासायला बसायचे, आणि त्या दिवशी जरा जास्तच माल परत जायचा.

सासूबाईंना का नाही सांगितलं? भीती वाटायची. नगरच्या मंडळीतली जुनी बाई, आपलं रक्त, आपलं कूळ असं बोलणारी. नाही म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं? त्यांचं ऐकलं असतं तर मेले असते, आणि नसतं ऐकलं तर एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी कशा राहिलो असतो? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत होते.

वर्ग संपला की रूथ सतरंज्या घडी करायला थांबायची. आठ वर्षांची, दोन वेण्या, कपाळावर कायम आठी. एका रविवारी सतरंजीचं दुसरं टोक धरून तिने विचारलं, "टीचर, तुमच्यासाठी काय मागू?"

"माझ्यासाठी? दुसरं कोणी मिळालं नाही का गं तुला?"

"मी तुम्हाला घेतलंय."

"काही नको मला. मजेत आहे मी."

ती गेली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्याच्या पुढच्या रविवारी माझा नंबर वीस दिवस हललेला नव्हता, आणि मी वर्गात सगळ्यांवर खेकसत होते. कोणाचं वचन पाठ नाही म्हणून ओरडले, कोणाची चप्पल सतरंजीवर म्हणून ओरडले. सगळी पोरं पळाली. रूथ थांबली. सतरंजी घडी केली, तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आज तुम्ही खूप ओरडलात. मजेत असल्यावर कोणी एवढं ओरडत नाही."

काय सांगू तुम्हाला, अकरा वर्षांत आई, बहिणी, मैत्रिणी, कोणासमोर नाही ते मी त्या आठ वर्षांच्या पोरीसमोर बोलून गेले. म्हटलं, मला एक बाळ हवंय. कुठेतरी असं बाळ असेल ज्याला घर हवंय, ते आमच्याकडे यावं. आम्ही नाव नोंदवलंय आणि वाट बघतोय. रूथने मान डोलावली आणि चौकशी सुरू केली. मुलगा की मुलगी? काहीही चालेल. किती मोठं? लहान. गोरं की काळं? ते मी विचारलंच नाही. बरोबर, ती म्हणाली, विचारायचं नसतं. मग मी तिला बजावलं, कोणाला सांगायचं नाही.

"आईला पण नाही?"

"कोणालाच नाही."

"देवाला?"

"त्याला सांग."

झावळ्यांचा रविवार आला. ईस्टरच्या आधीचा हा रविवार मला वर्षातला सगळ्यात लाडका. पोरं हातात नारळाच्या झावळ्या घेऊन होसान्ना म्हणत गल्लीला फेरी घालतात, रिक्षावाले थांबून बघतात, राणेकाका खुर्चीतून हात हलवतात. झावळ्यांच्या दोन-चार मारामाऱ्या होतात, कोणाच्या तरी डोळ्याला टोक लागतं, आणि मग घामाने चिंब झालेली सगळी वरात आत जाऊन बसते. त्या दिवशी मध्यस्थीच्या प्रार्थनेला रूथची पाळी होती. सासूबाई माझ्या शेजारी, डोक्यावर पदर घेऊन. रूथने माईक खाली ओढला.

"देवा, आमच्या टीचरसाठी मागते. त्यांना जे हवंय ते तुला माहीत आहे. मला पण माहीत आहे. सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी सांगत नाही. पण तू ऐकतोयस ना, मग लवकर कर. येशूच्या नावाने मागते, आमेन."

आमेन म्हणताना निम्मं चर्च हसत होतं आणि सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. मी जमिनीकडे बघत होते. उपासना सुटल्यावर बायकांनी मला घेरलंच. काय हवंय गं, घर बघताय का? घोडबंदरला फ्लॅट घेताय? नोकरीचं काही? एका मावशीने तर माझा हात हातात घेऊन, सांगू नको, आम्ही असंच मागू, म्हटलं आणि खरंच मागायला लागल्या. महिला संघाने दर शुक्रवारी माझं नाव घ्यायला सुरुवात केली. काय हवंय ते माहीत नसताना पंचवीस बायका माझ्यासाठी मागत होत्या, आणि मी खजील होऊन बसत होते.

पण ते नंतर. त्या दिवशी सासूबाई घरात आल्या, चप्पलसुद्धा न काढता उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कुठे गाठ आहे?"

"कसली गाठ, आई?"

"डॉक्टरने काय सांगितलंय ते सरळ सांग. सकाळी फाटकापाशी थांबून मोबाइल बघत उभी असतेस, तिथल्या टपरीवाल्या बाईने पाहिलंय. रिपोर्टची वाट बघतेस ना?"

मग सांगावंच लागलं. नोंदणी, ताई, यादी, नंबर, सगळं. सतीश दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडलेला. सासूबाई खुर्चीत बसल्या. आधी म्हणाल्या, "देवाची स्तुती असो, गाठ नाही." मग जे चिडल्या. "दोन वर्षं? अगं, मी रोज पहाटे उठून तुझी कूस उजवू दे म्हणून मागतेय. आणि तुम्ही दोघं आतल्या खोलीत दुसरंच मागताय. एका घरातून दोन मागण्या गेल्या, त्याने ऐकायचं कोणाचं?"

"मला वाटलं तुम्ही नाही म्हणाल."

"वाटलं? विचारलंस का मला?"

इस्त्रीवाल्या भय्यांना विचारायला पोरं पाठवणारी मी, शेजारच्या खोलीत राहणाऱ्या बाईला दोन वर्षांत विचारलं नव्हतं. सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "दाखव तो नंबर." त्या दिवसापासून नंबर बघायचं काम त्यांचं झालं. चष्मा लावून, दूध तापायला ठेवून, रोज सकाळी. आकडा सरकला की स्वयंपाकघरातून मोठ्याने जाहीर करायच्या. दोन वर्षं मी जे एकटीने वाहिलं ते इतकं हलकं होऊ शकतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

लवकर कर, असं रूथने सांगितलं होतं. त्याने लवकर केलं नाही. ईस्टर झाला, निकाल लागले, जोएल गणितात पास झाला आणि एस्तेर हिंदीत पहिली आली. पाऊस आला, गेला, नाताळ झाला, पुढची परीक्षा आली. रूथ दर रविवारी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे. ती म्हणायची, "ठीक आहे, मी चालू ठेवते." दुसऱ्या वर्षीच्या जुलैमध्ये एका दुपारी कारखान्यात फोन किणकिणला. दत्तक संस्थेकडून फोटो आला होता. आठ महिन्यांची मुलगी, डोक्यावर चार केस, भुवया वर चढवलेल्या, जणू माझ्याकडून काहीतरी येणं बाकी आहे. टेबलावर वॉशरचा ढीग आणि त्यात तो फोटो. खोट काढायची माझी वीस वर्षांची सवय, पण त्या दिवशी मी डोळे फाडून बघितलं तरी काही सापडेना. सुपरवायझर आले तर मी त्यांनाही दाखवला. ते म्हणाले, "पास."

जुई हे नाव तिला संस्थेतल्या ताईंनीच ठेवलेलं, आम्ही तेच ठेवलं. पहिल्या रविवारी तिला चर्चमध्ये नेलं तेव्हा महिला संघाच्या मावशी रडत म्हणाल्या, "आम्ही तर फ्लॅटसाठी मागत होतो." सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की नाक अगदी सतीशचं आहे. रूथने बाळाला नीट न्याहाळलं, मूठ उघडून बोटं बघितली आणि माझ्या कानात म्हणाली, "तुम्ही काहीही चालेल म्हणाला होतात. पण मी मुलगीच मागितलेली."

आता ती जुई सहा वर्षांची आहे. यंदापासून माझ्याच सतरंजीवर बसते आणि घरी असल्यासारखी मध्येच मांडीवर येते. तिला आम्ही पहिल्यापासून सांगितलंय की ती दुसऱ्या एका बाईच्या पोटातून आली आणि मग आमच्याकडे आली. आमचं ते सांगणं इतक्यांदा झालंय की ती कंटाळून म्हणते, माहितीये, पुढे सांग. पुढे म्हणजे आजीने पहिल्या दिवशी डायपर उलटा लावला, तो भाग तिला आवडतो.

गेल्या रविवारी, रूथचा फोन येण्याच्या दोनच दिवस आधी, लेंतची सुरुवात म्हणून मी मुलांना आपापला माणूस सांगायला उठवलं. कोणी शाळेच्या शिपाईकाकांना घेतलं होतं, कोणी मेट्रोच्या खांबाखाली झोपणाऱ्या आजोबांना. जुई राणेकाकांना घेणार, असं मी धरून चालले होते, त्यांच्या खुर्चीभोवतीच वाढलीये ती. ती उभी राहिली. डोळे गच्च मिटले.

"देवा, मी जिच्या पोटात होते तिच्यासाठी मागते. तिला काय हवंय ते विचारायला जाता येत नाही, कारण ती कुठे राहते माहीत नाही. तूच जाऊन विचार. तिला रोज जेवायला मिळू दे. तिला कोणी ओरडू नको दे. आणि तिला सांग मी बरी आहे. माझे पुढचे दोन दात पडलेत, पण ते सगळ्यांचेच पडतात. येशूच्या नावाने मागते, आमेन."

पोरं आमेन म्हणाली. जुईचा वाढदिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतो. मी चाफ्याखाली उभी राहून बोटांवर महिने उलटे मोजले. तो झावळ्यांचा रविवार, रूथचं ते लवकर कर, माझ्याभोवती जमलेल्या बायका. त्याच दिवसांत कुठेतरी जिच्या पोटी जुई आली तिला दिवस गेल्याचं कळलं असणार. आम्ही ज्याची वाट बघत होतो, त्याचीच तिला धास्ती वाटत असणार. एक अख्खं चर्च माझ्यासाठी मागत होतं आणि ती एकटी होती. वॉचमन, टँकरवाले, कोणाकोणासाठी मी पोरांना मागायला लावलं, आणि जिच्यामुळे माझं घर भरलं तिच्यासाठी मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं. खरं सांगते, मला तिची भीती वाटायची. कधीतरी येईल आणि मागेल, म्हणून मी तिला मनातसुद्धा दाराबाहेर उभं ठेवलं होतं.

त्या दुपारी जेवायला बसलो. जुईने जेवणाआधीच्या प्रार्थनेतही तिच्यासाठी मागितलं. सासूबाईंनी, सतीशने मागितलं. मग माझी पाळी आली आणि शब्द फुटेना. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, आणि आता ताटात आमटी निवतेय तरी माझी मान खाली. जुईने ताटावरून हात पुढे करून माझं बोट धरलं. "आई, सोपं आहे," ती म्हणाली. "नुसतं म्हण, ती ठीक असू दे."

मी म्हटलं, ती ठीक असू दे.